अपघाताचे फोटो काढायला शिकवणारे देवरे सर

देवरेकाकूंचा फोन आला तेव्हा मी नाशिक रोडच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन उभी होते. दुपार कलली होती, गर्दी अजून जमायची होती. ‘सुरेखा, तुझे सर गेले गं,’ काकू म्हणाल्या, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘कुठे?’ दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर कसे गेले, काय झालं, असं विचारलं असतं. पण देवरे सरांच्या बाबतीत त्यांच्याकडे शिकलेल्या आम्हा सगळ्यांनाच एका उत्तराची वर्षानुवर्षं धास्ती होती. सत्तरी ओलांडलेला माणूस, खुब्यात घातलेली सळई, आणि तरीही रोज स्कूटरला किक मारून रस्त्यावर. ‘घरात,’ काकू म्हणाल्या. ‘जेवले, जरा पडतो म्हणाले. चहाला उठवायला गेले तर...’ मी मेथी परत ठेवली आणि भाजीवालीच्या शेजारी उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसले. ‘बरं झालं,’ असं मी बोलून गेले. बोलल्यावर जीभ चावली. पलीकडून काकू म्हणाल्या, ‘मलाही आधी तेच वाटलं बघ. म्हटलं, घरात गेले. आपल्या अंथरुणात गेले.’

महिना होऊन गेला त्याला. रडू नंतर आलं, भरपूर आलं. पण आजही त्या दिवसाची आठवण काढली की आधी तो सुटकेचा श्वासच आठवतो, आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

वामन देवरे हे आमच्या पोलीस खात्यात फोटोग्राफर होते. मूळचे नामपूरचे, काकूंचं माहेरही तिथलंच. रोल धुऊन फोटो काढायच्या काळात नोकरीला लागले आणि मेमरी कार्डाच्या काळात निवृत्त झाले. गुन्ह्याच्या जागेचे फोटो त्यांनी सगळ्याच प्रकारचे काढले, पण त्यांचा हात बसला होता तो रस्त्यावरच्या अपघातांवर. निवृत्तीनंतर खात्यानेच त्यांना बोलावून घेतलं आणि हवालदार, शिपाई मंडळींना अपघाताचे फोटो कसे काढायचे हे शिकवायचं काम दिलं. त्यांच्या अशाच एका तुकडीत मी होते. नांदगावजवळच्या शेतकरी घरातली मी, पोलिसात भरती होऊन काही वर्षं झालेली, महामार्गावर ड्यूटी. मोबाइलवर बरे फोटो काढते एवढ्या कारणावरून साहेबांनी माझं नाव दिलं होतं. मला जायचं नव्हतं. अपघात झाला की मी गर्दी पांगवायला, वाहतूक वळवायला पुढे व्हायचे, म्हणजे खाली पडलेल्याकडे पाठ करून उभं राहता यायचं. आता त्याच्याकडेच तोंड करून, डोळ्याला कॅमेरा लावून बघायचं म्हणजे... पहिल्या दिवशी मी पोट दुखतंय सांगून सुट्टी मिळते का, हेसुद्धा विचारून बघितलं होतं.

वर्ग एकलहऱ्याच्या रस्त्याला एका मोकळ्या मैदानावर भरायचा. लांबवर औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसायच्या. मैदानात भंगारातून आणलेल्या मोटारसायकली, एक दार नसलेली व्हॅन, एक चेपलेला टेम्पो. सर पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून यायचे, खिशाला पेनाऐवजी खडू. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला गाड्यांकडे फिरकूसुद्धा दिलं नाही. बाहेरच्या डांबरी रस्त्यावर नेलं आणि म्हणाले, ‘याचा फोटो काढा.’ रस्ता रिकामा होता. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. ‘सर, कशाचा?’ कुणीतरी विचारलं. ‘रस्त्याचा. इथून येणाऱ्याला काय दिसतं, ते मला दाखव. मग तिकडं जा आणि तिकडून येणाऱ्याला काय दिसतं, ते दाखव. आणि उभ्याने काढू नको. मोटारसायकलवाल्याचे डोळे कुठे असतात? तेवढं वाक.’ आख्खी सकाळ आम्ही त्या रिकाम्या रस्त्यावर वाकून, गुडघ्यावर बसून, कधी पालथं पडून फोटो काढत होतो. येणारे-जाणारे आमच्याकडे बघून हसत होते. दुपारी सरांनी फोटो पाहिले, तेव्हा माझ्या एका फोटोत वळणावरचं बाभळीचं झाड समोरून येणारी गाडी पूर्ण झाकून टाकत होतं. मला ते काढताना दिसलंच नव्हतं. सर म्हणाले, ‘हे बघ, तू काढलंस. तुला माहीत नव्हतं, तरी काढलंस.’ शाळा सोडल्यापासून कुणी मला शाबासकी दिली नव्हती. पोटदुखीचा विषय मी परत काढला नाही.

पुढे मग बाकीचं आलं. आधी लांबून सगळा परिसर, त्यात विजेचा खांब किंवा मैलाचा दगड यायलाच हवा, कारण गाड्या हलवल्या जातात, खांब हलत नाही. मग मधल्या अंतरावरून. मग जवळून, शेजारी पट्टी ठेवून. पट्टीसमोर कॅमेरा सरळ धरायचा, तिरपा धरला की माप चुकतं. ब्रेकच्या खुणा उभ्याने दिसत नाहीत, ऊन समोर घेऊन खाली बसलं की दिसतात. दोन गाड्या जोरात आदळल्या की मडगार्डच्या आत वाळून बसलेला चिखल तिथल्या तिथे गळून पडतो. गाड्या फेकल्या जातात, पण तो चिखल टक्कर झाली त्या जागी राहतो, म्हणून काचांच्या आधी तो शोधायचा. आणि गाडी जिथे पडली आहे तिथून ती जिकडून आली तिकडे मागे मागे चालत जायचं, ‘कंटाळा येईपर्यंत जा, आणि मग आणखी थोडं जा.’ हे सगळं ते अगदी निवांत सांगायचे. फक्त एकदा त्यांचा पारा चढलेला पाहिला. आमच्यातल्या एकाने व्हॅनच्या दारात माणूस म्हणून ठेवलेलं पोतं पायाने बाजूला सारलं आणि चाकाचा फोटो घ्यायला लागला. सर शुद्ध मराठीतून थेट अहिराणीत उतरले. ‘तठे मानूस शे ना रे!’ मग स्वतःला सावरून म्हणाले, ‘पोतं म्हणजे माणूस. तो जिवंत असला तर कॅमेरा गळ्यात लटकू दे, आधी त्याला बघ. फोटो वाया गेला तर गेला.’

माझ्या पहिल्या खऱ्या अपघाताचे फोटो मी त्यांच्या सोबतीने काढले. सिन्नर रस्त्याला ट्रकखाली आलेली मोटारसायकल. चालवणारा जागेवरच गेला होता. मी कॅमेरा सरांपुढे केला. सर माझ्या मागे उभे होते, त्यांनी कॅमेरा घेतला नाही. एवढंच म्हणाले, ‘याच्या घरचे विचारतील, कसं झालं. त्यांना सांगणारं आज इथं दुसरं कुणी नाही. घे.’ मी घेतले. परत येताना त्यांनी चहा पाजला आणि नामपूरच्या बाजारात कांद्याने भरलेल्या बैलगाड्या ते लहानपणी कशा मोजायचे ते सांगत बसले. मला बोलतं ठेवायचं होतं त्यांना, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

अशी काही वर्षं गेली. आणि मग पावसाळा नुकताच सरलेल्या एका संध्याकाळी ठाण्यात फोन आला की एकलहऱ्याच्या रस्त्याला वळणावर दोन दुचाकी धडकल्यात, एक म्हातारा आणि एक मुलगी. मी जीपमधून उतरले आणि पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट ओळखला.

सर वर्ग संपवून घरी निघाले होते. त्यांची स्कूटर रस्त्याच्या भलत्याच बाजूला, म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या बाजूला आडवी पडली होती. ते स्वतः थोडे अलीकडे, पाय विचित्र वळलेला. मुलगी, तिचं नाव प्रणाली हे नंतर कळलं, कडेच्या गवताजवळ निपचित होती, मोपेड मोडून पडलेली. मी सरांजवळ गुडघ्यावर बसले. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं की नाही कोण जाणे. ‘ती पोर कोठे शे?’ एवढंच विचारलं. ‘आहे सर, श्वास चालू आहे,’ मी म्हटलं आणि तिच्याकडे धावले. रुग्णवाहिका येईपर्यंत मी तिचं डोकं धरून बसले होते. कॅमेरा गळ्यात लटकत होता.

दोघं गेल्यावर मी आमच्या साहेबांना म्हटलं, ‘साहेब, हे माझे सर आहेत. फोटो दुसऱ्या कुणी काढलेले बरे.’ ते आभाळाकडे बघून म्हणाले, ‘दुसरा माणूस येईपर्यंत उजेड राहणार आहे का? काढ. परक्याचा काढतेस तसा काढ.’ चहाच्या टपरीवरची दोन-चार माणसं तावातावाने सांगत होती की म्हातारा मधे आला, सरळ पोरीच्या अंगावर गेला. स्कूटर पडली होती ती जागा बघितली तर कुणालाही तसंच वाटलं असतं. मलाही वाटलं... खोटं कशाला सांगू. मी ओठ घट्ट मिटून लांबून सुरुवात केली. खांब घेतला. दोन्ही बाजूंनी, वाकून. मग चिखल शोधायला लागले. तो सापडला. सरांच्या बाजूला, डाव्या कडेला, पुडी उलटी केल्यासारखा वाळल्या चिखलाचा छोटा ढीग. पट्टी ठेवली. आणि मग मोपेडपासून ती जिकडून आली तिकडे मागे चालत गेले. डांबरावर तिच्या पायदानाची पांढरी ओरखड्याची रेघ होती, तिरकी, मधली पट्टी ओलांडून मागे मुलीच्या बाजूला जाणारी. रेघ संपली तिथून मी आणखी थोडी पुढे गेले. वळणाच्या तोंडाशी खडी सांडलेली होती. कुठल्याशा डंपरमधून सांडली असेल. उभ्याने नुसती खडी दिसत होती. मावळतीकडे तोंड करून खाली बसले, तर खडीत चाक आडवं घसरत गेल्याचा फराटा उमटलेला दिसला. मी तो अनेक वेळा काढला, कारण हात सुरुवातीपासून थरथरत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून गेले, तर कुणीतरी खडी झाडून टाकली होती.

म्हणजे झालं असं होतं, की मुलगी वळणावर खडीवरून घसरली, मोपेडसकट फरफटत मधली पट्टी ओलांडून सरांच्या बाजूला गेली आणि त्यांच्या पुढच्या चाकावर आदळली. सर आपल्या बाजूलाच, कडेने चालले होते. आदळल्यावर त्यांची स्कूटर उडून पलीकडे पडली. मी फोटो क्रमाने लावले तेव्हा हे उघड दिसत होतं. पण टपरीवाल्यांच्या जबाबावरून तोवर गुन्हा सरांवर दाखल झाला होता, मुलगी अतिदक्षता विभागात बेशुद्ध होती, आणि सरांना त्या संध्याकाळचं काहीएक आठवत नव्हतं. वर्ग संपवून स्कूटर सुरू केली इथपर्यंत आठवत होतं. पुढे एकदम दवाखान्याचं छत.

मी धावत त्यांच्याकडे गेले. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, बरगड्यांना पट्टे. मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, ‘सर, मी फोटो...’ त्यांनी हात वर केला. ‘गप्प. गुन्हा माझ्यावर आहे ना? मग मी आरोपी आणि तू साक्षीदार. फोटोंबद्दल माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही. जे आहे ते साहेबांना दे.’ ‘पण सर, ऐका तरी...’ ‘सुरेखा, मी काय शिकवलंय तुला? जा घरी.’ आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

बाहेर काकू बसल्या होत्या. विमलकाकू. मला वाटलं, यांच्या कानात सांगावं. पण त्या सरांना सांगितल्याशिवाय राहिल्या नसत्या, आणि सरांनी मला आयुष्यात माफ केलं नसतं. काकूंनी माझा हात धरला. ‘तू तर सगळं पाहिलंस. चूक यांचीच का गं?’ मी म्हटलं, ‘काकू, मला बोलता येत नाही.’ त्यांनी माझा हात सोडला. त्यांच्या चेहऱ्यावर काय उतरलं ते मी बघितलं, आणि माझ्या लक्षात आलं की माझं न बोलणं हेच त्यांना उत्तर वाटलं आहे.

पुढचे आठवडे फार वाईट गेले. मी जायचे, डबा द्यायचे, हवापाण्याचं बोलायचे. सर माझा चेहरा वाचायचा प्रयत्न करायचे, आणि मी चेहरा कोरा ठेवायला गेले की त्यांना नको तेच त्यात दिसायचं. घरी आणल्यावर त्यांनी वर्ग घ्यायला नकार कळवला. ‘ज्याला स्वतःची बाजू सांभाळता आली नाही, त्याने लोकांना काय शिकवायचं?’ खाणं कमी झालं. काकू सांगायच्या, दिवसातून दहा वेळा एकच विचारतात, पोरीचं काय, शुद्धीवर आली का? दवाखान्याच्या व्हरांड्यात प्रणालीच्या आईने काकूंना पाहून तोंड फिरवलं होतं आणि ‘म्हाताऱ्या माणसांनी घरात बसावं’ असं सगळ्यांदेखत म्हटलं होतं. तिचं तरी काय चुकलं? तिची पोर आत नळ्या लावून पडलेली. साहेबांना मी दोनदा आठवण करून दिली, तीनदा दिली. ते रागीट नव्हते, पण त्यांच्या टेबलावर असल्या अनेक फायली होत्या आणि मुलीचा जबाब झाल्याशिवाय त्यांना काही म्हणायचं नव्हतं. मी फक्त थांबू शकत होते. एवढं अवघड काम मी खात्यात दुसरं केलेलं नाही.

आणि मग प्रणाली शुद्धीवर आली. हळूहळू बोलायलाही लागली. तिचा जबाब झाला आणि लगेच साहेब सरांकडे निघाले. फोटो ओळखायला म्हणून मलाही सोबत घेतलं. सर पलंगावर उशीला टेकून बसले होते. इतके वाळले होते की शर्ट खांद्यावरून घसरत होता. साहेबांनी फोटोंचा गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हणाले, ‘देवरे, तुमचा जबाब घ्यायचाय. आधी हे बघा. तपासाचाच भाग आहे, हरकत घेऊ नका.’ सरांनी चष्मा लावला. पहिला फोटो बघितला, दुसरा बघितला. तिसऱ्याशी थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘हा हललाय.’ मी म्हटलं, ‘हो सर.’ ‘का हलला?’ ‘हात कापत होता, सर.’ ‘हं.’ मग ते पुढे गेले. चिखलाच्या फोटोवर बोट ठेवलं, खांबाचा फोटो मागे जाऊन पुन्हा काढला, दोन्ही शेजारी ठेवले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. रेघेवरून बोट फिरवत फिरवत ते मागे गेले, खडीपर्यंत. तो फराट्याचा फोटो त्यांनी खिडकीच्या उजेडाकडे धरला. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. सरांनी फोटो खाली ठेवला. म्हणाले, ‘म्हणजे मी नाही.’ साहेब म्हणाले, ‘तुम्ही नाही, देवरे.’ सरांनी चष्मा काढला. मला वाटलं आता हा माणूस रडणार. पण ते म्हणाले, ‘आणि ती पण नाही. बिचारी खडीवरून घसरली. साहेब, हे तिला कुणी सांगितलंय का?’

कुणीच सांगितलं नव्हतं. आम्हाला सुचलंच नव्हतं. साहेब गेल्यावर काकू आत आल्या आणि त्यांनी मला जवळ ओढलं, एवढ्या जोरात की माझ्या गणवेशाचं बटण त्यांच्या साडीत अडकलं. ‘तुला ठाऊक होतं?’ ‘पहिल्या दिवसापासून, काकू.’ ‘आणि हे तुला बोलू देत नव्हते?’ त्या सरांकडे वळून म्हणाल्या, ‘तुम्ही माणूस आहात की कोण आहात?’ सर हसले. बरगड्या दुखल्या, तरी हसले. त्या दिवशी त्यांनी पोळ्या मागून घेतल्या आणि काकू ओट्याशी उभ्या राहून रडत रडत पोळ्या लाटत होत्या.

चालता यायला लागल्यावर सरांनी पहिलं काम केलं ते प्रणालीच्या घरी जायचं. ती एकलहऱ्याच्या वसाहतीत राहायची, वडील औष्णिक केंद्रात कामाला. मी सरांना गाडीतून नेलं. दार तिच्या आईने उघडलं. तिने सरांकडे, त्यांच्या वॉकरकडे बघितलं, मग ‘जयभीम, या’ म्हणाली आणि बाजूला झाली. सरांनी वॉकर टेकत टेकत ‘जयभीम’ म्हटलं आणि आत गेले. प्रणाली पायाला प्लास्टर घालून दिवाणावर बसली होती, केस काढलेल्या डोक्याला ओढणी. सरांना बघून तिचा चेहरा पडला. ‘काका, मला काही आठवत नाही,’ ती घाईघाईने म्हणाली, ‘पण मीच आले ना तुमच्या अंगावर? मला रोज तेच वाटतं. तुमचं वय... मला वाटलं होतं, तुम्ही वाचणारच नाही.’ सर वॉकर सोडून तिच्याशेजारी टेकले. ‘मलाही काही आठवत नाही बाळ. मला वाटत होतं, मीच तुला उडवलं.’ ती बघतच राहिली. सरांनी खिशातून तो एक फोटो काढला, साहेबांकडून रीतसर मागून घेतलेला, आणि तिला समजावून सांगितला. वर्गात सांगायचे तसा. ही खडी, हे तुझं चाक, इथे तू घसरलीस, इथे काही करता येण्यासारखं नव्हतं. मलाही नव्हतं. तिने तो फोटो हातात धरून पुन्हा पुन्हा बघितला आणि मग तिची आई, दवाखान्यात ते सगळं बोललेली, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, ‘काका, मी तुम्हाला काय काय बोलले...’ सर म्हणाले, ‘माझी मुलगी असती तर मी याहून जास्त बोललो असतो. चहा टाका.’

परत येताना गाडीत ते खिडकीची काच खाली करून बसले होते. वाऱ्याने त्यांचे उरलेसुरले केस उडत होते. एरवी त्यांची नजर रस्त्यावर कुठल्या खुणा दिसतात का ते शोधत असायची. त्या दिवशी त्यांनी बाहेर बघितलंच नाही, डोळे मिटून घेतले होते.

त्यांनी वर्ग पुन्हा सुरू केला. पहिल्या दिवशी मुलांना ते फोटो क्रम बिघडवून द्यायचे आणि विचारायचे, चूक कुणाची? बहुतेक जण पडलेल्या स्कूटरचा फोटो बघून सांगायचे, म्हाताऱ्याची. ‘तो म्हातारा मी,’ सर म्हणायचे, आणि मुलं फोटो पुन्हा हातात घ्यायची. मग ते मुलांना क्रम लावायला बसवायचे. मी हे मैदानाच्या कडेला उभी राहून कितीतरी वेळा बघितलं आहे. हललेल्या फोटोशी आले की माझ्याकडे बघून भुवई उडवायचे. प्रणालीने पुढे शिक्षण पूर्ण केलं, आता ती एका दवाखान्यात परिचारिका आहे. सर गेले त्या दिवशी ती ड्यूटीवरून तशीच आली होती आणि काकूंचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

काकूंचं मात्र एक होतं. त्या अपघातानंतर त्यांच्या मनातून रस्त्याची धास्ती कधी गेलीच नाही. सरांची स्कूटर अंगणात वाजेपर्यंत त्या पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. गाडीत बसल्या की उजवा पाय सारखा दाबत राहायच्या, जणू तिथे ब्रेक आहे. मागच्या आठवड्यात त्या मला म्हणाल्या, ‘मला नामपूरला सोडतेस का? माहेरी चार दिवस राहीन म्हणते.’ मी सुट्टी काढली. त्या पुढच्या सीटवर बसल्या. पिंपळगाव गेलं, सोग्रस फाट्याला वळलो, आणि माझ्या लक्षात आलं की त्या बोलत नाहीयेत. बघितलं तर झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, पाय सैल. देवळा गेलं, सटाणा गेलं, तरी जागच नाही.

नामपूरच्या अलीकडे रस्त्यात मधोमध मोठे दगड पडलेले दिसले. एखादा ट्रक बंद पडला की चाकाला अटकाव म्हणून दगड लावतात, दुरुस्ती झाली की ट्रक निघून जातो आणि दगड तिथेच राहतात. सरांबरोबर प्रवास केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की असा दगड दिसला की ते थांबायचे. कितीही घाई असो, कुणाच्या लग्नाचा मुहूर्त टळत असो. उतरायचे, दगड कडेला लोटायचे, हात झटकून परत बसायचे. काकू त्यावरून त्यांना फार बोलायच्या. मी गाडी कडेला घेतली, तशा त्या जाग्या झाल्या. मी काही सांगायच्या आत त्यांनी समोर बघितलं आणि दार उघडून उतरल्या. मोठे दोन मी ढकलले. लहान त्यांनी पदर खोचून स्वतः उचलले, एकेक करून, आणि नाल्याच्या बाजूला नीट ठेवले. शेतातून एक माणूस बांधावर येऊन उभा राहिला. ‘काय शे, माय?’ त्याने विचारलं. ‘काही नही, भाऊ,’ काकू त्याच्या बोलीत म्हणाल्या, ‘दगड शेतस.’ त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकदा पाहून घेतलं, हात पदराला पुसले आणि येऊन बसल्या. ‘चल,’ मला म्हणाल्या. पट्टा लावला, सीट जरा मागे केली आणि नामपूर येईपर्यंत पुन्हा झोपल्या.